पहिला ट्रॅक डे: ज्या गाडीने जायचे, त्याच गाडीने घरी परतायचे आहे

पुण्या-मुंबईच्या कार क्लबांमध्ये दर वर्षी कोणी ना कोणी नवा सभासद विचारतोच, की आपली रोजची स्विफ्ट किंवा पोलो ट्रॅकवर चालेल का, तिच्यात काय बदल करावे लागतील आणि तिथे नेमके शिकवतात तरी काय. उत्तरे मिळतात ती बहुधा एक्झॉस्ट, रिमॅप (इंजिनाच्या संगणकातले फेरफार) आणि लॅप टाइमविषयीची. या लेखात त्यातले काहीही नाही. कंपनीतून आली तशीच असलेली, रोज ऑफिसला नेली जाणारी गाडी घेऊन पहिल्यांदाच ट्रॅकवर उतरणाऱ्यांसाठी हे मार्गदर्शन आहे आणि त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे: कार्यक्रम संपल्यावर तीच गाडी, त्याच ब्रेकवर आणि त्याच टायरवर, हजार-बाराशे किलोमीटर चालवत घरी आणायची आहे. एवढे मनात पक्के ठेवले, की काय करावे आणि काय करू नये याविषयीचे निम्मे प्रश्न उरतच नाहीत.

१. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, हे आधी समजून घ्या

ट्रॅक डे म्हणजे बंदिस्त ट्रॅकवर, मार्शल (झेंडे दाखवून ट्रॅकवर लक्ष ठेवणारे कर्मचारी) आणि रुग्णवाहिका तैनात असताना, ठरावीक वेळेच्या सत्रांमध्ये आपली गाडी वेगाने चालवण्याची सोय. साधारणपणे एक सत्र १५ ते २० मिनिटांचे असते आणि चालकांचे अनुभवानुसार गट पाडलेले असतात. इथे कोणाचाही पहिला-दुसरा क्रमांक काढत नाहीत. ड्रायव्हर ट्रेनिंगचा दिवस याहून वेगळा असतो. त्यात सकाळी वर्ग घेतात, मोकळ्या जागेत प्लॅस्टिकचे शंकू मांडून ब्रेक मारण्याचा आणि गाडी अचानक वळवण्याचा सराव करून घेतात, आणि मग प्रशिक्षक शेजारी बसून ट्रॅकवर नेतो. शक्य असेल तर पहिला दिवस प्रशिक्षणाचाच घ्या. प्रशिक्षकाच्या शेजारी बसून केलेल्या चार-पाच फेऱ्यांत जे कळते, ते एकट्याने दोन ट्रॅक डे करूनही कळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्यांना हे सगळे एक्सप्रेसवेवर पहाटे करता येते असे वाटते, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. त्यापलीकडे, समोरून उलट्या बाजूने येणाऱ्या दुचाकीला तुमच्या कौशल्याचा काहीच उपयोग नसतो.

स्पर्धेत उतरायचे असेल तर फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या शिखर संस्थेचा परवाना लागतो. हौशी ट्रॅक डेसाठी सहसा साधे वाहन चालवण्याचे लायसन्स पुरते. तरीही नावनोंदणी करताना आयोजकांकडून हे लेखी विचारून घ्यावे.

२. ट्रॅक आणि तारीख निवडा

महाराष्ट्रातल्या बहुतेक हौशी चालकांचा पहिला मोठा ट्रॅक तमिळनाडूत असतो. चेन्नईजवळ, श्रीपेरुंबुदूरच्या शेजारी इरुंगट्टुकोट्टई येथील मद्रास इंटरनॅशनल सर्किट सुमारे ३.७ किलोमीटरचे आहे, आणि १९९० च्या सुमारापासून देशातल्या मोटार शर्यतींचे ते मुख्य घर राहिले आहे. कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा असून त्याला शर्यतपटू आणि रेसिंग गाड्यांचे निर्माते एस. करिवर्धन यांचे नाव दिले आहे. तिसरा पर्याय ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटचा. ५.१२५ किलोमीटर लांबीच्या आणि १६ वळणांच्या या ट्रॅकवर २०११ ते २०१३ या काळात फॉर्म्युला वनच्या शर्यती झाल्या.

पहिल्या वेळी करी किंवा मद्रास निवडा. बुद्धवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. त्याच्या टोकाला साधी हॅचबॅकसुद्धा अशा वेगाला पोहोचते, की कंपनीच्या मूळ ब्रेकची परीक्षा पहिल्याच सत्रात लागते. करी लहान आहे, वेग कमी राहतो, आणि एकच वळण थोड्या वेळात पुन्हा पुन्हा येत असल्याने चूक सुधारायला लगेच संधी मिळते.

पुण्याहून मद्रासच्या ट्रॅकला जाणे अंतराने लांब असले तरी वाटेने सोपे आहे, कारण कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, वेल्लोर असा राष्ट्रीय महामार्ग ४८ धरला की तोच रस्ता थेट श्रीपेरुंबुदूरला नेतो. तरीही हे अंतर साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास भरते. बेंगळुरूला मुक्काम करावा, आणि ट्रॅक डेच्या आदल्या दुपारीच पोहोचावे. रात्रभर गाडी हाकत पहाटे थेट पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या आवारात) शिरणारे लोक दर वेळी दिसतात, आणि पहिल्या दोन सत्रांत ट्रॅक सोडून बाजूच्या मातीत उतरणाऱ्यांत तेच जास्त असतात.

तारखेबाबत आपल्याकडच्या लोकांची एक हमखास फसगत होते. आपला पाऊस ऑक्टोबरात आवरतो, म्हणून आपण दिवाळीच्या आसपासची तारीख निवडतो; पण चेन्नईचा खरा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरचा असतो. एप्रिल-मेमधला तिथला उकाडा तर गाडीला आणि माणसाला दोघांनाही नकोसा करून सोडतो. जानेवारी-फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ.

३. विमा आणि कागदपत्रे

हा भाग रटाळ आहे, पण सगळ्यांत महागाची चूक इथेच होते. तुमच्या गाडीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल हे वापर वगळलेले असतात. ट्रॅक डे ही शर्यत नव्हे, असे तुम्ही आणि आयोजक कितीही म्हणालात तरी विमा कंपनीचा सर्व्हेअर तसे मानेल यावर विसंबू नका. ट्रॅकवर गाडीचे जे काही होईल, त्याचा खर्च आपल्याच खिशातून जाणार, असे धरूनच चाला. झीरो डेप्रिसिएशनचे जादा कव्हर घेतलेले असले तरी हा अपवाद तसाच राहतो. गाडीच्या वॉरंटीच्या पुस्तिकेतही शर्यतीच्या वापराविषयी असाच अपवाद बहुतेक वेळा असतो. तो आधी वाचा.

आणखी एक कलम पाहावे. आयोजकांच्या इंडेम्निटी बाँडमध्ये (नुकसानीची जबाबदारी घेणाऱ्या हमीपत्रात) ट्रॅकच्या मालमत्तेचे, म्हणजे बॅरिअर, टायरच्या भिंती, कुंपण यांचे नुकसान चालकाकडून वसूल केले जाईल, असे अनेकदा लिहिलेले असते. सही करण्यापूर्वी ते वाचा आणि रकमेविषयी काही लिहिले आहे का, ते विचारा. तुमचा वैयक्तिक अपघात विमा आणि आरोग्य विमा साहसी खेळांतील दुखापत भरून देतो का, हेही एजंटला तोंडी न विचारता पॉलिसीतच पाहा.

सोबत एका फाइलमध्ये पुढील कागद ठेवा:

– वाहन चालवण्याचे मूळ लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी (शेवटचे तीन रस्त्याच्या प्रवासासाठी)
– नावनोंदणीची व शुल्क भरल्याची पावती
– ओळखपत्राची प्रत आणि आयोजकांनी मागितल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र
– रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधे आणि घरच्या माणसाचा फोन नंबर लिहिलेला कागद. तो गाडीत आणि खिशात, दोन्हीकडे
– गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचे संमतिपत्र

शेवटचा मुद्दा वडिलांची गाडी घेऊन येणाऱ्या तरुण मंडळींसाठी मुद्दाम लिहिला आहे.

४. ब्रेक: इथे पैसे वाचवू नका

ज्याच्याकडे तयारीसाठी मोजकेच पैसे आहेत, त्याने ते सगळे ब्रेकवर घालावेत. कारण साधे आहे. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग ताशी १०० वरून १४० वर गेला की ती जवळजवळ दुप्पट होते, आणि ब्रेक मारल्यावर त्या ऊर्जेची उष्णता होऊन ती डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी), पॅड (तिला दाबून धरणारे तुकडे) आणि ब्रेक ऑइलमध्ये शिरते. वरंध घाट किंवा आंबा घाट उतरताना पुढच्या गाडीच्या चाकांतून येणारा जळका वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ट्रॅकवर एका फेरीतच अशी जोरदार ब्रेकिंग चार-पाच वेळा होते आणि मधल्या वेळेत डिस्क पुरती थंडही होत नाही.

ब्रेक दोन प्रकारे दगा देतात, आणि त्यांतला फरक आधीच माहीत असावा. ब्रेक ऑइल उकळले तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल मऊ पडून खाली जाते. पॅडच प्रमाणाबाहेर तापले तर पेडल नेहमीसारखे घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. पहिल्या प्रकारात पेडल भराभर दोन-तीन वेळा दाबल्यास थोडा दाब परत मिळतो. दोन्ही प्रकारांत उपाय एकच: वेग उतरवायचा, उरलेली फेरी सावकाश पूर्ण करायची आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, यायचे.

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येत जातो. डॉट हा डब्यावर छापलेला ऑइलचा दर्जा. डॉट ३ ऑइलचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २०५ अंश सेल्सिअस आणि ओलावा शोषल्यावर १४० अंश असतो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. कोकणात किंवा मुंबईत दोन पावसाळे काढलेल्या गाडीतले ऑइल यांतल्या दुसऱ्या आकड्याकडे झुकलेले असते, असे समजून ट्रॅक डेच्या आधीच्या पंधरवड्यात ते पूर्ण बदलून घ्यावे. डबा सीलबंद असावा आणि तो तुमच्या समोर फोडला जावा. गॅरेजच्या फळीवर झाकण उघडून ठेवलेल्या डब्यातले ऑइल घेऊ नये. नावावरून वरचढ वाटणारे डॉट ५ हे सिलिकॉनचे, वेगळ्याच जातीचे ऑइल आहे. डॉट ४ च्या गाडीत ते कधीही घालू नये.

पुढचे पॅड किमान निम्मे शिल्लक असावेत, आणि एक नवा जोड डिकीत असावा. डिस्कच्या पृष्ठभागावर बोटाने चाचपून कडेला उंचवटा झाला आहे का, आणि केसासारख्या भेगा कडेपर्यंत पोहोचल्या आहेत का, हे पाहावे. पोहोचल्या असतील तर त्या डिस्कवर ट्रॅकवर जाऊ नये. नवे पॅड बसवले असतील तर ते रुळायला पुणे ते कोल्हापूर एवढे अंतर मिळते, पण त्या वाटेवर मोकळ्या जागी, मागे कोणी नाही हे पाहून, मध्यम जोराने काही वेळा ब्रेक मारून त्यांना बसते करावे.

५. टायर, नट आणि बाकीची गाडी

टायरच्या बाजूवर चार आकडी कोड असतो. २३१९ म्हणजे २०१९ सालातला तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांचा टायर वरून कितीही चांगला दिसला तरी त्याचे रबर कडक झालेले असते. तो ट्रॅकवर नेऊ नये. टायरच्या बाजूला फुगवटा किंवा आतून लावलेला मोठा पॅच असेल तर ट्रॅक डेचा विचार तिथेच थांबवावा.

हवेच्या बाबतीत, टायर तापतो तशी हवा वाढते. ढोबळ हिशेब असा, की दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय. म्हणून सकाळी थंड टायरमध्ये कंपनीने सांगितलेला दाब ठेवावा, पहिल्या सत्रानंतर लगेच मोजावा, आणि फार वाढला असेल तर थोडा कमी करून चारही चाकांचे आकडे वहीत लिहावेत. सत्रांच्या मधे काढलेली हवा संध्याकाळी परत भरायची आहे, हे विसरू नये. कमी हवेच्या टायरवर भरल्या गाडीने महामार्गावर जाणे ट्रॅकपेक्षा धोक्याचे आहे.

चाकांचे नट टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत. आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो (पोलोला १२० न्यूटन-मीटर, बऱ्याच लहान गाड्यांना त्याहून कमी). टायरच्या दुकानातल्या हवेच्या गनने आवळलेले नट कधी फार घट्ट तर कधी दगा देणारे असतात. स्पेसर (चाक बाहेर आणणारी चकती) लावलेली चाके आणि नावाजलेल्या कंपनीच्या नक्षीची नक्कल असलेले स्वस्त अलॉय घरी ठेवा.

इंजिन ऑइल काडीवरच्या वरच्या खुणेजवळ असावे, पण खुणेच्या वर नको. लांब वळणात ऑइल एका बाजूला जाते आणि पातळी कमी असेल तर पंप कोरडा पडू शकतो. पेट्रोल अर्ध्या टाकीच्या खाली जाऊ देऊ नका. बॅटरी हाताने हलवून पाहा. ट्रॅकवर सोडण्याआधीच्या तपासणीत मार्शल हेच करतात. कूलंट, व्हील बेअरिंगचा खडखडाट, कुठे ओल दिसते का, एवढे गॅरेजमध्ये लिफ्टवर पाहून घ्यावे. ड्युअल-क्लच आणि सीव्हीटी या प्रकारचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स लवकर तापतात. अशा गाड्यांनी सत्रे छोटी ठेवावीत. उंच एसयूव्ही काही आयोजक घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे.

मग गाडी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली, चालकाच्या पायाखालची मॅट, मोबाइलचा स्टँड, सगळे बाहेर. डॅशबोर्डवर दुहेरी टेपने चिकटवलेले गणपती बाप्पाही त्या दिवसापुरते पिशवीत जातात. भाविकांना हे सांगताना जरा संकोच वाटतो, पण जोरदार ब्रेकला ती टेप टिकत नाही आणि मूर्ती थेट पायांत येऊ शकते. स्टेपनीखालच्या किटमध्ये टो-हुक असतो, तो मात्र आठवणीने बाजूला काढा आणि बंपरच्या भोकात फिरवून पाहा. अनेक गाड्यांत तो उलट्या आट्यांचा असतो. गाडी मातीत रुतली आणि हुक हॉटेलवर राहिला, तर सगळ्यांचे सत्र तुमच्यासाठी थांबते.

पॅडॉकसाठी सोबत न्यायची साधने:

– टॉर्क रेंच, योग्य मापाचा सॉकेट, हवेचा गेज आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप
– ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा, इंजिन ऑइलचा एक लिटर, कूलंट
– चाकाला लावायला लाकडी ठोकळे, ताडपत्री, टेप, जुनी फडकी, हातमोजे
– पाणी, ओआरएसची पाकिटे, टोपी

६. हेल्मेट आणि कपडे

मोटार शर्यतीसाठीच्या हेल्मेटवर स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचे एसए मानक असते, जसे एसए २०२०. दुचाकीच्या हेल्मेटपेक्षा त्याचे अस्तर आगीला अधिक टिकते आणि रोल केजवर (शर्यतीच्या गाडीतल्या पोलादी सांगाड्यावर) आदळण्याची वेगळी चाचणी त्याने पार केलेली असते. हौशी ट्रॅक डेला आयएसआय खुणेचे पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट अनेक आयोजक चालवून घेतात. अर्धे हेल्मेट कोणीही चालवून घेत नाही. उसने हेल्मेट घेण्याआधी ते घालून गाडीत बसून पाहा, कारण उंच माणसाचे डोके छताला टेकते आणि मग तो दिवसभर मान वाकडी करून चालवतो.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. सिंथेटिक टी-शर्ट आगीत वितळून कातडीला चिकटतो. बूट पातळ तळव्याचे, लेस आत खोचलेली.

७. बसण्याची पद्धत

पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आले पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. हात घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी. आपल्याकडे बहुतेक लोक सीट फार मागे टाकून, एक हात गिअरवर ठेवून चालवतात. वळणात तसे बसले की माणूस स्टिअरिंगला लटकतो आणि टायर काय सांगतोय, ते हाताला कळत नाही.

साधा सीट बेल्टही घट्ट करता येतो. सीट एक-दोन खाचा मागे घ्या, बेल्ट लावा, त्याला जोरात हिसका देऊन लॉक करा आणि तो लॉक असतानाच सीट पुढे आणा. बाजारात मिळणारा चार पॉइंटचा हार्नेस रोल बारशिवाय (छत दबू न देणाऱ्या पोलादी कमानीशिवाय) मूळ सीटवर लावू नका. गाडी उलटून छत दबले, तर तो तुम्हाला ताठ बसवून ठेवतो आणि खाली झुकायला जागाच देत नाही.

८. ब्रीफिंग आणि झेंडे

सकाळचे ब्रीफिंग चुकवणाऱ्याला ट्रॅकवर सोडत नाहीत आणि सोडूही नये. तिथे तीन गोष्टी नीट विचारून घ्या: ओव्हरटेकिंग कुठल्या पट्ट्यांवर चालते, पुढचा चालक जागा देतो ती खूण हाताने करायची की इंडिकेटरने, आणि खिडकी उघडी ठेवायची की बंद. प्रत्येक आयोजकाची रीत वेगळी असते.

झेंडे मात्र सर्वत्र सारखेच. पिवळा म्हणजे पुढे धोका आहे, वेग कमी करा, ओव्हरटेक नको. लाल म्हणजे सत्र थांबले. आरशात पाहून वेग हळूहळू उतरवा आणि सांगितल्याप्रमाणे पिटकडे या. लाल दिसताच ट्रॅकच्या मध्यावर कचकन ब्रेक मारणाऱ्याला मागचा ठोकतो. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. पिवळे-लाल उभे पट्टे म्हणजे ट्रॅकवर तेल, माती किंवा पाणी. पांढरा म्हणजे पुढे हळू चालणारे वाहन. काळ्यात नारिंगी वर्तुळ असलेला झेंडा तुमच्या गाडीत बिघाड दिसतो आहे असे सांगतो, आणि नुसता काळा तुम्हाला आत बोलावतो. चौकटींचा झेंडा म्हणजे सत्र संपले. पहिल्या फेरीत वळणांपेक्षा मार्शलची ठाणी कुठे आहेत, तेच शोधावे.

निळ्या झेंड्याचा अपमान वाटून घेणारे बरेच असतात. जागा द्या, ॲक्सिलरेटर जरा सोडा, मागच्याला जाऊ द्या. त्याच्या मागे राहून त्याची रेषा, म्हणजे वळणांतून जायची वाट, पाहायला मिळते, हा फायदाच आहे.

९. पहिली सत्रे कशी चालवावीत

पहिली फेरी टायर आणि ब्रेक तापवण्याची. ईएसपी (गाडी घसरू लागल्यास सावरणारी यंत्रणा) बंद करू नका, कोणी कितीही सांगितले तरी. पहिले संपूर्ण सत्र तुमच्या मते जेवढे वेगात जाता येईल, त्याच्या सत्तर टक्क्यांवर ठेवा आणि दुसऱ्या सत्रात फक्त एकच गोष्ट सुधारायची ठरवा.

ती गोष्ट नजर असावी. नवखा चालक बॉनेटच्या पुढे वीस-तीस मीटरवर पाहतो, म्हणून त्याला प्रत्येक वळण अंगावर आल्यासारखे वाटते. ब्रेक मारायच्या आधीच नजर वळणाच्या आतल्या टोकाकडे, म्हणजे ॲपेक्सकडे गेली पाहिजे, आणि गाडी ॲपेक्सला पोहोचण्यापूर्वी ती बाहेर पडायच्या जागेवर गेलेली हवी. हात नजरेच्या मागे आपोआप जातात. प्रशिक्षक शेजारी असेल तर तो अर्धा वेळ “वर बघा, वर बघा” एवढेच म्हणत असतो.

मग ब्रेक. रस्त्यावर आपण ब्रेक हळू सुरू करून शेवटी जोरात दाबतो. ट्रॅकवर उलटे करायचे असते: गाडी सरळ असताना सुरुवातीलाच ठामपणे, पण पेडलवर लाथ न मारता, दाब वाढवायचा आणि वळण जवळ येईल तसा तो सोडत जायचा. एबीएस (चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा) लागला की पेडल पायाखाली थरथरते. घाबरून पाय काढू नका. सरळ पट्ट्याच्या शेवटी अंतराच्या पाट्या असतील तर सुरुवातीला लांबच्या पाटीपासून ब्रेक धरा. जवळ जायचे ते प्रत्येक सत्रात थोडेथोडे. पाट्या नसतील तर कर्बची (वळणाच्या कडेच्या रंगीत पट्टीची) सुरुवात किंवा डांबरावरचा एखादा डाग अशी न हलणारी खूण निवडा. सावली खूण म्हणून निवडू नका, ती दुपारपर्यंत सरकलेली असते.

गिअर उतरवताना घाई नको. वेग बऱ्यापैकी उतरल्यावर एकेक गिअर खाली आणावा. पाचव्यातून चौथ्यात जाताना चुकून दुसरा पडला, तर इंजिनाला प्रमाणाबाहेर फिरू न देणारा रेव्ह लिमिटर काही करू शकत नाही, कारण त्या वेळी इंजिनाला चाकेच फिरवत असतात. वाकलेल्या व्हॉल्व्हचे बिल त्यानंतर येते.

रेषेचा नियम म्हणजे बाहेरून आत, आतून बाहेर. नवख्याने ॲपेक्स थोडा उशिरा धरावा: बाहेरच्या बाजूने जरा जास्त वेळ सरळ जाऊन मग वळावे. वेळेच्या हिशेबात थोडे नुकसान होते, पण बाहेर पडताना ट्रॅक शिल्लक राहतो. लवकर वळणाऱ्याला वळणाच्या शेवटी ट्रॅक संपल्याचे कळते आणि तिथे करण्यासारखे काही उरत नाही.

वळणाच्या मधोमध घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडणे, ही सगळ्यांत घातक सवय. भार एकदम पुढे येतो, मागची चाके हलकी होतात आणि पुढच्या चाकांवर चालणारी साधी हॅचबॅकही मागून घसरते. वेग जास्त वाटला तर पाय सावकाश उचला, स्टिअरिंग तसेच धरा आणि जायचे आहे तिकडेच पाहा.

१०. गाडी सुटलीच तर

दोन चाके ट्रॅकच्या बाहेर मातीत गेली, तर स्टिअरिंग झटक्याने परत वळवू नका. सरळ राहा, वेग उतरू द्या, मग हळूच आत या. झटका दिला की बाहेरची चाके डांबरावर येताच पकड घेतात आणि गाडी ट्रॅक ओलांडून समोरच्या बॅरिअरकडे धावते. गंभीर अपघातांची सुरुवात बऱ्याचदा अशीच होते.

गाडी गोल फिरायला लागली आणि सावरता येत नाही असे दिसले, की क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि दाबून ठेवा. चाके लॉक झालेली गाडी साधारण सरळ रेषेत घसरते, त्यामुळे मागून येणाऱ्यांना तुमचा अंदाज येतो. थांबल्यावर आगीचा धोका नसेल तर बेल्ट लावून आतच बसा, मार्शलकडे पाहा, आणि त्यांनी खूण केल्यावरच निघा. मग थेट पिटमध्ये या. चाकांत अडकलेले खडे आणि बंपरखाली भरलेली माती काढल्याशिवाय पुन्हा जाऊ नये.

११. दोन सत्रांच्या मधे

शेवटची फेरी नेहमी थंड करण्याची: ब्रेकला जवळजवळ न शिवता, वरच्या गिअरमध्ये. पॅडॉकमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेला पॅड डिस्कला चिकटतो आणि त्याचा थर तिथे बसतो. पुढे महिनाभर ब्रेक मारताना गाडी थरथरते. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला ठोकळा लावा. डिस्कवर पाणी ओतण्याचा सल्ला देणारा कोणी तरी भेटतोच. त्याला नमस्कार करून पुढे जा. बॉनेट उघडा, टर्बोची गाडी असेल तर इंजिन मिनिटभर चालू ठेवून बंद करा, हवा मोजा, नट टॉर्क रेंचने तपासा.

स्वतःसाठी सावली आणि पाणी. इरुंगट्टुकोट्टईच्या दमट हवेत हेल्मेट घालून वीस मिनिटे बसल्यावर किती घाम गेला, ते लक्षात येत नाही. लक्षात येते ते तिसऱ्या सत्रात, ब्रेकच्या खुणा चुकू लागल्यावर. दुपारी पोटभर जेवू नये. आणि दिवसाचे शेवटचे सत्र, जेव्हा टायर झिजलेले, ब्रेक दमलेले आणि प्रत्येकाला आपली सगळ्यांत वेगवान फेरी मारायची असते, ते नवख्याने सोडून दिले तरी काही बिघडत नाही.

१२. परतीचा प्रवास आणि नंतर

संध्याकाळी लगेच निघू नका. गाडी थंड झाल्यावर टायरची हवा महामार्गासाठी सांगितलेल्या दाबावर आणा, नट पुन्हा तपासा, पॅडची जाडी पाहा, स्टेपनी आणि जॅक जागेवर ठेवा. इंजिन सुरू करून ब्रेक पेडल एक मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल किंवा स्पंजासारखे लागत असेल, तर आधी चेन्नईत ऑइल ब्लीड करून (नळ्यांतली हवा काढून) घ्या, मगच निघा. टायरच्या खांद्यावर रबराचे तुकडे सुटले असतील तर आतल्या तारा दिसत नाहीत ना, हे चारही टायर फिरवून पाहा. दुसरी सकाळ उजाडल्यावर निघणे उत्तम. दिवसभर ट्रॅकवर राहिल्यावर महामार्गावरचा शंभरचा वेग फार कमी वाटतो, आणि तो भास झोपेशिवाय जात नाही.

घरी आल्यावर आठवड्याभरात ब्रेक ऑइल ब्लीड करून घ्या, व्हील अलाइनमेंट तपासा, आणि किती सत्रांत किती मिलिमीटर पॅड झिजले ते वहीत लिहा. दुसऱ्यांदा जाण्याआधी गाडीत एकच बदल करायचा असेल, तर तो पुढच्या ब्रेक पॅडचा करा. फक्त ते निवडताना एक पाहा: केवळ ट्रॅकसाठीचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, किंचाळतात आणि डिस्क खातात, त्यामुळे सोमवारी सकाळी सिंहगड रोडच्या गर्दीत पहिला ब्रेक मारताना ते अंगाशी येतात. रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी चालणारे मधल्या दर्जाचे पॅड घ्यावेत, किंवा ट्रॅकचे पॅड पॅडॉकमध्येच बदलायला शिकावे. सराव झाला की दोन्ही पुढची चाके मिळून हे काम तासाभरात होते.